गावकुसाबाहेरची रेल्वे : शहराभोवतीच्या कड्यांचा इतिहास



विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, सर, मुरुडमध्ये बसून शहराला गोल फिरणाऱ्या रेल्वेवर बोलायचं म्हणजे काय? आपल्याकडे गाडी येते आणि जाते, गोल फिरत नाही. शंका बरोबर आहे. मी तिथूनच सुरुवात करतो.

आपली रेल्वे म्हणजे एक रेष. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीचा रूळ टाकला. बार्शी लाईट. तोच रूळ १९११ साली लातूरपर्यंत आला आणि मुरुड रेल्वेच्या नकाशावर आलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, २००७-०८ च्या सुमारास, रूळ ब्रॉडगेज झाला आणि तो करताना धाराशिवकडे वळवला, कारण जुनी छोटी गाडी जिल्ह्याच्या गावालाच शिवत नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली तीही याच रुळावरून, आपल्या दारावरून गेली. रेषेचं काम असं असतं : या टोकाचं त्या टोकाला नेणं. कापूस तिकडे, पाणी इकडे, पोरं पुण्या-मुंबईला.

आता ही पोरं पहाटे पुणे स्टेशनला उतरतात. त्यांना स्टेशनवर राहायचं नसतं. एकाला वाकडला जायचं असतं, एकीला खराडीला, एकाला भोसरीला. मुलगी मावशीकडे हडपसरला राहते आणि नोकरी हिंजवडीला. म्हणजे शहराच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, रोज, शहराच्या पोटातून. तिला शहराच्या मध्याशी काही देणंघेणं नाही. मंडई नको, शनिवारवाडा नको. तरी रोज त्या गर्दीतून जायचं, कारण वाटा तशाच आहेत. आजच्या विषयाशी आपला संबंध आहे तो या मुलीमुळे.

एक छोटं गणित सांगतो, घाबरू नका. शहर म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. बारापासून तीनपर्यंत जायचं आहे. मधून गेलात तर केंद्रापर्यंत एक त्रिज्या आणि केंद्रापासून बाहेर एक, अशा दोन त्रिज्या. काठाकाठाने गेलात तर साधारण १.५७ त्रिज्या. काठ जवळचा. पण बारापासून सहापर्यंत जायचं असेल तर काठाने ३.१४ आणि मधून तेवढ्याच दोन. आता मधूनच जावं. कुठे फिरतं हे पारडं? ११५ अंशांच्या जरा अलीकडे, म्हणजे घड्याळात चार तासांना थोडं कमी. तेवढ्या अंतरापर्यंत कडं फायद्याचं, पुढे नाही. म्हणून वर्तुळ रेल्वेत बसून कुणी पूर्ण वर्तुळ फिरत नाही. लोक एका आऱ्यावरून येतात, कड्यावर चार-सहा स्टेशनं जातात आणि दुसऱ्या आऱ्यावर चढतात. बैलगाडीच्या चाकाची धाव आऱ्यांशिवाय उपयोगाची नाही, तसंच हे. गाडी बदलण्याची जागा नीट असेल तर कडं चालतं. नसेल तर रूळ कितीही चांगला असो, गाडी रिकामी फिरते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण याच्या साक्षी आपण आता बघणार आहोत.

आपल्याला वाटेल की ही कडी माणसांच्या सोयीसाठी जन्माला आली. तसं नाही. बर्लिनचं बघा. १८४० च्या दशकात बर्लिनला चारी दिशांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या रेल्वे आल्या आणि प्रत्येकीने शहराच्या वेशीशी आपलं स्वतंत्र स्टेशन बांधलं. एकीचा रूळ दुसरीला जोडलेला नाही. पोस्डॅमकडून आलेली तोफ श्टेटिनकडे न्यायची तर ती उतरवून गावातून ओढत न्यायची. प्रशियाच्या लष्कराला हे परवडेना. म्हणून १८५१ साली ही स्टेशनं जोडणारा रूळ टाकला, तोही भर रस्त्यातून. लोकांना त्याचा इतका त्रास झाला की पुढे तो रूळ उचलून शहराच्या बाहेर, शेतांतून नवा घालायचं ठरलं. १८७१ साली त्याचा पूर्वेकडचा भाग सुरू झाला, १८७७ ला वर्तुळ पुरं झालं. हीच रिंगबान, साडेसदतीस किलोमीटरची.

पॅरिसचं असंच. १८५२ पासून पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत तिथे ‘पतित सँत्यूर’, म्हणजे छोटा कमरपट्टा, नावाची रेल्वे तटबंदीच्या आतल्या अंगाने झाली. काम दोन : वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एका रुळावरून दुसऱ्यावर नेणं आणि तटावर सैन्य पोचवणं. प्रवासी नंतर.

आणि या कड्यांवर काय वसलं? बर्लिनमध्ये १८८१ साली शहराचा मध्यवर्ती गुरांचा बाजार आणि कत्तलखाना रिंगबानलगत उभा राहिला. पॅरिसचा ला व्हिलेतचा कत्तलखाना १८६७ चा, त्यालाही याच कमरपट्ट्यावरून गुरांच्या गाड्या. त्यांच्या जोडीला मालधक्के, कारखाने आणि त्यांत राबणारी माणसं. म्हणजे शहराला जे हवं असतं पण डोळ्यांपुढे नको असतं, ते सगळं.

आपल्याला याची फोड करून सांगायला नको. आपल्याकडे त्याला गावकुसाबाहेर म्हणतात. गावाला ज्या कामांवाचून एक दिवस चालत नाही ती कामं करणाऱ्यांना गावाने कुसाबाहेर ठेवलं, ही गोष्ट मराठवाड्यात पुस्तकातून शिकावी लागत नाही. मी दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणत नाही. जातीची भिंत आणि कस्टमची भिंत यांत फरक आहे, आणि जातीची भिंत रेल्वेने हलत नाही. पण केंद्र स्वतःला केंद्र कसं ठरवतं, याचा पहिला पुरावा ते काय बाहेर ठेवतं यात असतो. एवढाच मुद्दा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे तो मला सोडवत नाही.

तर पुढे काय झालं? कडं शेतात होतं, शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत आलं आणि ओलांडून गेलं. आज बर्लिनमध्ये तिकिटाचा ‘अ’ विभाग म्हणजे रिंगबानच्या आतलं शहर. २००८ साली धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना बंदी केली, तीही या कड्याच्या आत. जी रेषा एकदा गावाबाहेर टाकली होती तीच आता गावाची वेस झाली.

मध्यंतरी ही वेस तुटलीही होती. १९६१ साली बर्लिनची भिंत उभी राहिली आणि वर्तुळ दोन जागी कापलं गेलं. गंमत अशी की पश्चिम बर्लिनमधल्या या गाड्याही पूर्व जर्मनीच्याच रेल्वेखात्याकडे होत्या. तिकिटाचे पैसे भिंत बांधणाऱ्यांना कशाला द्यायचे, म्हणून पश्चिमेच्या लोकांनी गाडीवर बहिष्कार टाकला. १९८० मध्ये संप झाला, त्यानंतर पश्चिमेकडचं कडं बंदच पडलं. भिंत १९८९ ला पडली, पण वर्तुळ पुन्हा जुळायला २००२ चा जून उजाडला. आज एका दिशेला एस ४१, उलट दिशेला एस ४२. एक फेरी बरोबर साठ मिनिटांची.

आता टोकियो. मला सर्वांत शिकण्यासारखं तेच वाटतं.

१८८५ साली निप्पॉन रेल्वे नावाच्या खाजगी कंपनीने शिनागावापासून आकाबानेपर्यंत रूळ टाकला. कशासाठी? उत्तरेकडच्या डोंगराळ भागात रेशीम व्हायचं, ते योकोहामाच्या बंदरात न्यायचं होतं. मधे टोकियो. दाट वस्तीतून रूळ घालणं महाग, म्हणून पश्चिमेच्या मोकळ्या माळावरून वळसा घातला. त्या वळशावर दोन किरकोळ स्टेशनं होती : शिंजुकु आणि शिबुया. इकेबुकुरो तर १९०३ ला आलं. नावं ओळखीची वाटली ना? आज शिंजुकु जगातल्या सर्वांत गर्दीच्या स्टेशनांत पहिलं मोजतात.

वर्तुळ एकदम झालं नाही. १९१९ पासून गाड्या जपानी लिपीतल्या ‘नो’ या अक्षराच्या आकारात धावायच्या. एक शेपटी आणि अर्धवट गोल. १९२३ साली मोठा भूकंप झाला, जुनी वस्ती जळाली आणि लोक पश्चिमेला सरकले, म्हणजे नेमके त्या वळशाच्या बाजूला. १९२५ च्या १ नोव्हेंबरला उएनो आणि कांदा यांच्यामधला तुकडा जोडला आणि यामानोते लाईनचं वर्तुळ पुरं झालं. साडेचौतीस किलोमीटर. आज त्यावर ३० स्टेशनं आहेत.

खरी गोष्ट पुढे आहे. उपनगरांतून येणाऱ्या खाजगी रेल्वे कंपन्यांना या वर्तुळाच्या आत शिरू दिलं गेलं नाही. त्या सगळ्या शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरोला येऊन थांबल्या. उपनगरातला माणूस तिथे उतरणार, गाडी बदलणार. मग तिथे दुकानं आली. कंपन्यांनी स्टेशनावरच मोठमोठी दुकानघरं बांधली. कचेऱ्या आल्या. १९९१ मध्ये टोकियोचं सरकारी मुख्यालयसुद्धा शिंजुकुला हललं. एके काळच्या माळावर आता राजधानीची कचेरी. केंद्र जागचं उठून परिघावर येऊन बसलं, कारण लोक तिथे गाडी बदलत होते.

लंडनचं थोडक्यात. तिथलं भुयारी वर्तुळ १८८४ ला पुरं झालं, पण दोन भांडणाऱ्या कंपन्यांनी मिळून. एकीच्या गाड्या घड्याळाच्या दिशेने, दुसरीच्या उलट. प्रत्येक कंपनीचा तिकीटवाला प्रवाशाला आपल्याच गाडीत बसवायचा, भले मग त्याला लांबचा फेरा पडो. आपल्याकडच्या स्टँडवर काळीपिवळीवाले काय करतात ते आठवा. वर्तुळाला आणखी एक खोड आहे : त्याला शेवटचं स्टेशन नसतं. शेवटच्या स्टेशनला गाडी पाच मिनिटं थांबते, उशीर भरून निघतो, ड्रायव्हर पाणी पितो. वर्तुळात उशीर झाला की तो उशीर गोल गोल फिरतच राहतो. कंटाळून लंडनवाल्यांनी २००९ मध्ये वर्तुळ तोडलं आणि त्याला एक शेपूट काढून दिलं.

मॉस्कोत मात्र वर्तुळांची हौस आहे. तिथल्या मेट्रोचं पहिलं कडं १९५० ते ५४ मध्ये झालं. लोक सांगतात, इंजिनिअर नकाशा घेऊन गेले, स्टालिनने त्यावर कॉफीचा कप ठेवला, तपकिरी गोल उमटला आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. म्हणून ती लाईन नकाशावर तपकिरी. ही दंतकथा आहे. पण हुकूमशहाच्या राज्यात अशी दंतकथा लोकांना खरी वाटते, हे मात्र खरं.

मला मॉस्कोचं दुसरं कडं महत्त्वाचं वाटतं. १९०८ साली तिथे मालगाड्यांसाठी ५४ किलोमीटरचं रेल्वेचं वर्तुळ सुरू झालं. प्रवासी गाड्याही सोडल्या, पण स्टेशनं वस्तीपासून लांब, आणि ट्राम-बस सोयीच्या. १९३४ मध्ये प्रवासी सेवा बंद. योगायोग म्हणजे पॅरिसच्या कमरपट्ट्याची प्रवासी सेवाही मेट्रोपुढे टिकली नाही आणि १९३४ मध्येच बंद झाली. पॅरिसच्या त्या रुळांच्या काही भागात आज लोक सकाळी फिरायला जातात. मॉस्कोने काय केलं? तेच वर्तुळ ८२ वर्षांनी, २०१६ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा उघडलं. ३१ स्टेशनं, पण त्यांतली बरीच मेट्रोला जोडलेली आणि तिकीट तेच. गर्दी लोटली. मार्ग तोच. १९३४ ला निरुपयोगी ठरला आणि २०१६ ला उपयोगी. मघाशी म्हणालो ती साक्ष हीच.

पुढे २०२३ मध्ये त्यांनी ७० किलोमीटरचं आणखी एक मेट्रोवर्तुळ पुरं केलं. आता एक गोष्ट तुमच्या शेजारची. मॉस्को मेट्रोचे डबे मितिश्ची गावातल्या कारखान्यात होतात. तीच कंपनी आपल्या हरंगुळच्या कोच कारखान्यात भागीदार म्हणून आली आहे, वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधायला. १२० गाड्यांचा करार २०२३ चा आहे. असो.

आपल्या देशात वर्तुळ रेल्वेचा मोठा प्रयोग दिल्लीत झाला. मालगाड्यांनी जुन्या आणि नव्या दिल्लीची स्टेशनं अडवू नयेत म्हणून बाहेरून वळसा काढला, ती रिंग रेल्वे १९७५ ची. जन्म पुन्हा मालासाठी. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी तिच्यावर २४ जादा गाड्या सोडल्या, स्टेशनं सजवली. सुमारे ३५ किलोमीटरचं वर्तुळ, आणि जागा बघा : लाजपतनगर, सफदरजंग, चाणक्यपुरी, पटेलनगर. शहराचा भरवस्तीचा भाग. तरी ती लोकांची झाली नाही. गाड्या थोड्या, मालगाडी आली की थांबायचं, स्टेशनातून उतरलात की पुढे बस कुठे ते माहीत नाही. आणि शेजारच्या रिंग रोडवरून ‘मुद्रिका’ नावाची बस धावत होती, हात केला की थांबणारी. मुद्रिका म्हणजे अंगठीच. लोखंडी अंगठी हरली, डांबरी अंगठी जिंकली. आता दिल्ली मेट्रोने चौथ्या टप्प्यात मजलिस पार्क ते मौजपूर जोडून आपल्या गुलाबी लाईनचं वर्तुळ पुरं करायला घेतलं, तेही जुन्या रिंग रेल्वेचा नाद सोडून नवीन खांबांवर.

महाराष्ट्रात काय? मुंबईला कडं बसत नाही. चिंचोळं शहर, तीन बाजूंनी पाणी. तिथे रेषाच शोभते. ठाण्याला मात्र आता खरं वर्तुळ मिळतं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली : २९ किलोमीटर, २२ स्थानकं, १२,२०० कोटी रुपये, २०२९ पर्यंत पुरं करायचं. एका बाजूला उल्हास नदी, दुसऱ्या बाजूला संजय गांधी उद्यान, मधे नौपाडा, वागळे इस्टेट, कोलशेत, साकेत. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून जिथे येऊन थांबली ते ठाणे. पहिल्या रेषेचं टोक होतं तिथे आता कडं येणार. चालेल का? ठाणे स्टेशनात गाडी बदलायला जिने किती, चालायचं किती, यावर ते ठरेल.

आणि पुणे. इथे मी जरा थांबणार आहे.

पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात एक गोल रेष आहे. सरकारी नाव लांबलचक. मराठीत ‘उच्च क्षमता द्रुतगती मार्ग’ म्हणतात, लोक ‘एचसीएमटीआर’ म्हणतात. शहराभोवती सुमारे ३६ किलोमीटरचा मार्ग, सार्वजनिक वाहनांसाठी राखलेला. कल्पना उत्तम होती, काळाच्या पुढे होती. पुढे काय झालं? रेष राहिली. तिच्यावर कधी रेल्वेचं बोललं गेलं, कधी बसचं, कधी उन्नत रस्त्याचं. २०१९ मध्ये निविदा आल्या त्या अंदाजापेक्षा फार चढ्या, म्हणून रद्द. मग रबरी चाकांच्या ‘निओ मेट्रो’चा प्रस्ताव. दरम्यान २०२२ मध्ये मेट्रो सुरू झाली, ती आरे घेऊन : पिंपरी–स्वारगेट, वनाझ–रामवाडी, दोन्ही जिल्हा न्यायालयापाशी भेटणाऱ्या. आरे आले, धाव नाही.

अशीच रेष शेजारी पिंपरी-चिंचवडच्या आराखड्यातही होती, सुमारे ३० किलोमीटरची. ती थेरगाव, रहाटणी, चिंचवड अशा भागांतून जाते. १९८० पासून पुढे तिथे कोण आलं? कारखान्यांत कामाला आलेले लोक. त्यांत आपल्याकडचे किती! लातूर, धाराशिव, बीड, नांदेड. दुष्काळात निघालेले, भूकंपानंतर निघालेले. अर्धा गुंठा, एक गुंठा घेतला, पत्र्याचं घर केलं, मग विटांचं, मग मुलाच्या लग्नात वर एक मजला. माझा एक विद्यार्थी त्यातलाच. गुंठा विकणाऱ्याने त्याला सगळं सांगितलं, नळ कुठून येईल, शाळा कुठे आहे. या जमिनीवरून कागदावर एक रेष जाते एवढं सांगितलं नाही. २०१७ च्या सुमारास पाडापाडीच्या नोटिसांवरून तिथे मोठं आंदोलन झालं. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. त्याने मला फोन केला होता. म्हणाला, सर, मी चूक केली का? मला उत्तर देता आलं नाही. कायद्याने घर अनधिकृत, हे खरं. आणि तीस वर्षं रेष कागदावर ठेवून तिच्यावर विटा रचल्या जात असताना कुणी आलं नाही, हेही खरं.

मी तुम्हाला बर्लिन आणि टोकियोचा क्रम पुन्हा सांगतो : आधी माळावर रूळ, मग त्याच्या आधाराने वस्ती. पुण्यात आधी रेष, मग वस्ती, आणि रूळ नाहीच. आता रूळ टाकायचा म्हटलं की तो कुणाच्या तरी घरावरून जाणार. बहुतेक वेळा ते घर अशाचंच असणार ज्याला कड्याची सर्वांत जास्त गरज आहे. प्रकल्पाच्या बाजूचे आणि विरोधातले लोक भांडतात तेव्हा दोघंही मला निम्मे बरोबर वाटतात. पण १९८७ साली जागा मोजून खांब रोवले असते तर हे भांडण उभंच राहिलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : “सर, पुण्याला मालगाड्यांसाठी वळसा होणार म्हणतात, ते खरं का?” तळेगावपासून उरुळी कांचनपर्यंत पुणे स्टेशन टाळून जाणाऱ्या नव्या रुळाचा प्रस्ताव आहे, हे खरं. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची तीच सुरुवात : माल गावात नको, बाहेरून न्या. त्यावर पुढेमागे प्रवासी गाड्या धावतील का, आणि त्या मेट्रोच्या आऱ्यांना कुठे जोडल्या जातील, हा विचार आजच व्हायला हवा, कारण आज जागा आहे. उरुळी कांचन आपल्या गाडीच्या वाटेवरच आहे, दौंड सोडलं की पुण्याच्या अलीकडे. दिवसाच्या गाडीने जाणं झालं तर खिडकीपाशी बसा आणि दोन्ही बाजूंना बघा, ऊस किती उभा आहे आणि प्लॉटिंगच्या पाट्या किती लागल्या आहेत.